चौसष्ट अध्यायांची लक्ष्मीबाई

‘स्मृतिचित्रे’ न वाचलेल्या मराठी माणसालाही ‘स्मृतिचित्रे’तला एखादा प्रसंग माहीत असतो. शाळेत धडा होता म्हणून, आई हसतहसत सांगायची म्हणून, नाहीतर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विजया मेहतांनी केलेल्या चित्रपटात सुहास जोशी पाहिल्या होत्या म्हणून. विसरभोळा, उदार, शीघ्रकोपी कवी नवरा. हातातोंडाची गाठ घालणारी बायको. आणि या दोघांच्या भांडणांची अशी खुमासदार हकीकत की वाचणारा पोट धरून हसतो आणि पुढच्याच पानावर गप्प होतो. लक्ष्मीबाई टिळक म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ही बाई.

ती खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी लक्ष्मीबाई ओवीत आहे. ‘ख्रिस्तायन’ नावाच्या शहात्तर अध्यायांच्या ग्रंथातले चौसष्ट अध्याय तिचे आहेत. ‘स्मृतिचित्रे’ची पारायणे करणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते उघडून पाहिले असतील, हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही; उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ही प्रस्तावना त्या न उघडलेल्या पानांसाठी आहे.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. जन्म १८६८चा, नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीच्या काठी असलेल्या जलालपूरचा, गोखल्यांच्या घरातला. आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना सत्तावन्नच्या बंडात त्र्यंबकेश्वरी फाशी दिले गेले. ‘स्मृतिचित्रे’ उघडते ते या फाशीने, आणि तिच्या पाठोपाठ येते वडिलांचे सोवळे. बाजारातून घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय पुढे जायची नाही; कशाला काय शिवले, कोण कुठून आले, कशाचा विटाळ झाला, यावर सगळ्या घराचा दिवस टांगलेला. मुलांना ओरडा, बायकांना ओलेत्याने वावरायची सक्ती. ही सगळी हकीकत लक्ष्मीबाई इतक्या गमतीने सांगतात की तिच्यातला जाच चटकन ध्यानात येत नाही. पण पुढे या बाईने आयुष्यात जो सर्वांत मोठा पल्ला मारला, तो याच अंगणातून सुरू झाला होता. देव म्हणजे विटाळाची भीती, हे ज्या मुलीने पहिले शिकले, तिने पुढे तीस-चाळीस वर्षांत देवाशी बोलायची भाषाच पालटून टाकली.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक, मूळचे कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१चा. मनूची लक्ष्मी झाली ती इथे. टिळकांचे घर म्हणजे एका जागी न टिकणारे घर. आज इथे नोकरी, उद्या तिथे. कधी न सांगता निघून जायचे, कधी कवितेच्या नादात संसार विसरायचा. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून. ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण पुढे तिने जे लिहिले त्याच्या मागे ना पंडिता रमाबाईंसारखे संस्कृत होते, ना रमाबाई रानड्यांसारखा न्यायमूर्तींच्या घरातला शिस्तीचा अभ्यास. तिच्याकडे होता तो कान. नाशिकच्या परिसरातल्या ब्राह्मण घरात वाढलेल्या मुलीच्या कानावर न मागता काय काय पडते! पहाटेची भूपाळी, सणावारांची गाणी, कहाण्या, चातुर्मासातली पोथी, देवळातले कीर्तन, जात्यावरच्या ओव्या. गाणे शिकवायला कुणी बसत नाही, आणि दहाव्या वर्षापर्यंत शेकडो चाली अंगात मुरलेल्या असतात.

मग आले ते १८९५ साल. १० फेब्रुवारीला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांपूर्वी आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले होते. तिथून सुरू झालेली ओढ इथवर आली. लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू होता. बहिणीच्या, पेंडशांच्या, कुटुंबाबरोबर त्या पंढरपुरात राहिल्या. नवरा जिवंत आहे आणि आपल्याला तो मेल्यासारखा आहे, अशी ती अवस्था. आजच्या वाचकाला धर्मांतर म्हणजे नोंदवहीतला बदल वाटू शकतो. तेव्हा एका ब्राह्मण बाईला त्याचा अर्थ चूल, अंथरूण, देव्हारा आणि गोतावळा एका दिवसात तुटणे असा होता.

या दुःखात लक्ष्मीबाईंना कविता सुचू लागली. आणि ती सुचली पंढरपुरात, जिथे सकाळपासून रात्रीपर्यंत टाळ थांबत नाहीत. या योगायोगावर टीकाकारांनी फारसे लिहिलेले नाही. लिहायला हवे होते. ज्या बाईचा नवरा ख्रिस्ताकडे गेला, ती विठ्ठलाच्या गावात बसून पद्यात बोलायला शिकली. टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकारामाच्या पुलावरून. लक्ष्मीबाईंनी असे काही सूत्रवाक्य केले नाही. पण त्या पुलाच्या अलीकडच्या टोकाला काही काळ त्या प्रत्यक्ष राहून आल्या होत्या.

पुढची चार-पाच वर्षे ‘स्मृतिचित्रे’तली सर्वांत श्रीमंत पाने आहेत, आणि ती वाचकाने मुळातच वाचावीत. इथे एवढेच सांगायला हवे की लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. नवरा मिशनात शिकवतो आहे, प्रवचने देतो आहे आणि बायको घरात आपला धर्म सांभाळते आहे, असा तो संसार. टिळकांनी सक्ती केली नाही. रागीट माणसाच्या खात्यावर ही गोष्ट ठळकपणे जमा करायला हवी. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी गेली ती जात, आणि मग बदलला देव. जातीची उतरंड देवाने नव्हे, माणसाने रचली, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले. त्यानंतर कुणाच्याही हातचे खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली. बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, राहुरीला.

क्रम असा होता, म्हणून त्यांची श्रद्धा वेगळी आहे. पुस्तक वाचून, वादविवाद करून, तत्त्वज्ञान पटून झालेले हे धर्मांतर नव्हते. जलालपूरच्या अंगणातले ओलेते सोवळे एकेक पदर सोडत गेले आणि शेवटी उरले ते त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी ठेवले.

अमेरिकन मराठी मिशनच्या नगर भागातल्या मंडळीत बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले होते. तिथे उपासनेला बसणे म्हणजे त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणे. आणि बसून करायचे काय? गायचे. हा मुद्दा बाजूला ठेवला तर लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा निम्मा अर्थ निसटतो. मराठी ख्रिस्ती उपासनेत आधी बरीचशी गीते इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे होती आणि ती विलायती चालींवर म्हटली जात. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत कुठेही ओढले जात. गाणाऱ्याला शब्द आपले आणि सूर परका. याला उतारा नगरातच तयार होत होता. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. साचा जुनाच: नमन, पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, फक्त आख्यान बायबलातले. टाळ, मृदंग, झांजा होत्याच. टिळकांनी या वाटेवर अभंग, पदे आणि भजने यांची रीघ लावली. ‘उपासना संगीत’ या मराठी चर्चच्या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. निकोल मॅकनिकोल यांच्या भाषांतरांतून त्यातली काही इंग्रजी भजनसंग्रहांतही गेली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शाळेत शिकवले जाणारे टिळक आणि रविवारी चर्चमध्ये गायले जाणारे टिळक हे एकच, हे अनेक मराठी वाचकांच्या गावीही नसते.

लक्ष्मीबाईंचे घर या गाण्याच्या मधोमध होते. आणि घर केवढे! दुष्काळात गोळा झालेली अनाथ मुले, आला-गेला पाहुणा, शिकायला राहिलेले विद्यार्थी, कवितेचे वेड लागलेले तरुण. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांनी केली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, नगरला याच घरात राहिले. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्या कोवळ्या मुलाच्या कवितेने सभा जिंकली, तो लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला, त्यांच्याशी भांडला, रुसला. ठोंबऱ्यांवरची त्यांची पाने म्हणजे बालकवींचे मराठीतले सर्वांत जिवंत व्यक्तिचित्र आहे, असे म्हणायला हरकत नाही. कवितेचे विश्लेषण तिथे औषधालाही नाही, आणि बरे झाले नाही ते. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ आगगाडीखाली बालकवी गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ला, मुंबईत टिळक गेले.

जाताना टिळकांनी मागे ठेवलेल्या कागदांत एक अपुरे काव्य होते. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत सांगायचे, असा त्यांचा संकल्प होता. सुमारे अकरा अध्याय झाले होते.

मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र ही कल्पना नवी नव्हती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. पण तो ग्रंथ काळाच्या ओघात घाटावरच्या वाचकाला जवळजवळ अनोळखी झाला होता. सालढाणांनी मंगळूरहून त्याची नवी आवृत्ती काढली ती १९०७मध्ये. स्टीफन्सने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतली ओवी परकीय असून कमावली. टिळकांना ती वारशाने मिळाली होती. लक्ष्मीबाईंना तर ती मिळवावीही लागली नाही.

इथे ओवीकडे जरा जवळून पाहायला हवे. पोथीतल्या ओवीचे चार चरण. पहिल्या तिघांच्या शेवटी यमक, चौथा आखूड आणि मोकळा. गणांचा हिशेब नाही, मात्रांची काटेकोर मोजदाद नाही. अक्षरे कमीजास्त झाली तरी म्हणणारा आवाजात सांभाळून घेतो. शार्दूलविक्रीडित लिहायचे तर आधी व्याकरण घोकावे लागते. ओवी लिहायची तर कान शाबूत हवा आणि सांगण्यासारखी गोष्ट हवी. तिसरे यमक साधले की चौथ्या चरणात श्वास सोडायचा, आणि पुढच्या ओवीत पुन्हा उचलायचे. गोष्ट पुढे नेण्यासाठी याहून सोयीचे वाहन मराठीत दुसरे झालेले नाही. शाळा न पाहिलेली एक प्रौढ विधवा नवऱ्याचा अर्धवट ग्रंथ पुढे न्यायला बसली आणि तिने एकामागून एक चौसष्ट अध्याय लिहिले, यातले आश्चर्य यामुळे कमी होत नाही. पण ते शक्य कसे झाले हे कळते. संस्कृत वृत्तात टिळकांनी ग्रंथ मांडला असता, तर तो तिथेच थांबला असता.

आणि ती गोष्ट सांगायला लक्ष्मीबाईंपेक्षा योग्य माणूस तरी कोण होते? शुभवर्तमानांत चूल आहे, विहीर आहे, हरवलेले नाणे शोधायला घर झाडून काढणारी बाई आहे, पिठात कालवलेले खमीर आहे, वाटेवर टाकलेला जखमी माणूस आहे, विटाळाच्या भीतीने दूर ठेवलेली स्त्री आहे. या शेवटच्या गोष्टीपाशी जलालपूरची मनू थबकली नसेल, असे मानणे कठीण आहे. टिळक विद्वान होते, कवी म्हणून निःसंशय मोठे. पण अनवाणी माणसांमधून चालणारा ख्रिस्त रंगवायला जो संसार पाहिलेला असावा लागतो, तो लक्ष्मीबाईंच्या गाठी अधिक होता.

टिळकांच्या मागे त्यांनी काही काळ मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले, कराचीला राहिल्या आणि अखेर नाशिकला आल्या. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, टिळकांच्या चरित्रासाठी साहित्य जमवत होता. त्याने आईला सांगितले, तुला आठवते ते लिही. नवऱ्याच्या आठवणी लिहायला बसलेल्या बाईच्या हातून आत्मचरित्र झाले. ते आधी ‘संजीवनी’ मासिकातून क्रमशः आले आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तकरूपाने. पुढे जोसेफीन इंकस्टर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५०मध्ये ऑक्सफर्डने काढले, शांता गोखले यांचे नवे भाषांतर २०१७मध्ये आले, आणि नातू अशोक टिळक यांनी मूळ ग्रंथाच्या संपादनात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली.

ज्या नाशिकच्या परिसरात हे सारे घडले, तिथे त्याच वर्षांत दुसरेही काही चालले होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ला नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. ‘स्मृतिचित्रे’चे भाग तेव्हा एकामागून एक बाहेर येत होते. दोन गोष्टींची सांगड ओढूनताणून घालायचे कारण नाही. ब्राह्मण बाईने सोवळे सोडणे आणि ज्याला देवळाबाहेर ठेवले त्याने धर्मच सोडण्याचा निर्धार करणे, यांची किंमत सारखी नाही. तरी जातीचा प्रश्न देवाच्या दारातच सुटायला हवा, हे या जिल्ह्यात एकाच काळी दोन अगदी वेगळ्या टोकांकडून उच्चारले जात होते. मिशनवस्तीचे शरणपूर आणि देवळांची पंचवटी ही एकाच गावाची दोन अंगे आहेत. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा शरणपूरच्या मिशनशाळेत शिकलेला आफ्रिकी तरुण होता. नाशिकचा इतिहास रामकुंडावर सुरू होतो म्हणून तिथेच संपतो असे नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ला लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. ‘ख्रिस्तायन’चा शेवटचा, शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि ग्रंथ १९३८मध्ये छापून आला. बाप, आई आणि मुलगा अशा तिघांनी मिळून पुरा केलेला हा ग्रंथ. मराठीत असे दुसरे उदाहरण शोधूनच काढावे लागेल. लक्ष्मीबाईंच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रह तर आणखी उशिरा, १९५१मध्ये निघाला.

मग हा ग्रंथ मागे का पडला? याचे उत्तर साहित्यात कमी आणि वाचकांच्या वाटणीत जास्त आहे. हिंदू वाचकाने ‘स्मृतिचित्रे’ आपले मानले, पण त्यातली श्रद्धा ही लेखिकेची खासगी बाब समजून ती पाने भराभर उलटली. ख्रिस्ती मंडळीने टिळकांची भजने ओठावर ठेवली आणि लक्ष्मीबाईंना टिळकांच्या पत्नी म्हणून मान दिला. एका बाजूला विनोदी आत्मचरित्रकार, दुसऱ्या बाजूला रेव्हरंडांची सहधर्मचारिणी. मधल्या मध्ये ओवीकार लक्ष्मीबाई कुणाच्याच वाट्याला आल्या नाहीत. ‘ख्रिस्तायन’मधली सगळीच ओवी सारख्या तोलाची आहे असा दावा कुणी करू नये. इतक्या लांब कथनकाव्यात सपाट जागा येतातच. त्या ‘क्रिस्तपुराणा’तही आहेत. पण ‘स्मृतिचित्रे’च्या गद्यातला जो बोलका वेग आहे, वाक्य कुठे तोडायचे याची जी उपजत जाण आहे, ती आली कुठून, हे शोधायचे तर याच ओव्यांकडे जावे लागते. तीन यमकांनंतर श्वास सोडणारी बाई गद्यातही बरोबर तिथेच थांबते.

वाचकाला एकच विनंती आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाले असेल तर ते पुन्हा वाचण्याआधी ‘ख्रिस्तायन’ हाती घ्यावे, टिळकांचे अध्याय ओलांडून बाराव्याला यावे, आणि ते मनातल्या मनात न वाचता मोठ्याने म्हणावे, चारजण ऐकायला असतील तर उत्तमच. एका बैठकीला एक अध्याय पुरे. पुस्तक सहजी मिळाले नाही, तर आपल्या गावच्या वाचनालयात मागणी नोंदवावी. नाशिककरांना त्यासाठी १८४०पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहेच. मागणीच्या वहीत नाव दिसले नाही, तर कुठलाही प्रकाशक ते पुन्हा छापायला घेणार नाही.